बाबांचं पाण्यातलं घड्याळ

"अगं, बघ तरी! हुबेहूब बाबांचंच!" म्हणत नवऱ्यानं घड्याळ तिच्यापुढे टेबलावर ठेवलं.

तेच जाडजूड पोलाद, खाऱ्या पाण्यानं आणि उन्हानं काळ्याची तपकिरी झालेली तीच तबकडी, जिच्यासाठी शौकीन लोक जीव टाकतात! गोदीतल्या साथीदारांनी कुठून कुठून शोधून आणलं होतं. "आता घड्याळ नाही ही सबब चालणार नाही म्हणाले. उद्या पाण्यात उतरायचं!" तो हसला. ते हसणं तिनं नीट पाहिलंच नाही. तिला दिसत होता फक्त त्याचा उजवा कान.

जहाजांच्या तळाची डागडुजी करणारा पाणबुड्या तो, सासरेही तेच. बाबांचं घड्याळ मनगटावर असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा त्याचा नेम. आणि निघताना त्याचं बाहेरचं कडं फिरवून त्यावरचा ठिपका मिनिटकाट्याशी आणून द्यायचा, हा तिचा. पाण्यात शिरताना तो ते पुन्हा लावी, म्हणजे खाली किती वेळ गेला ते त्यावरून कळे. कडं एकाच बाजूला फिरायचं. "चुकून धक्का लागला तरी ते वेळ जास्तच दाखवतं; माणूस लवकरच वर येतो, उशिरा नाही," सासरे सांगायचे.

मग त्याच्या कानाचा पडदा फाटला. पुन्हा खोल गेलात तर जिवाशी गाठ आहे, डॉक्टरांनी बजावलं. पण हा ऐकतोय कसला! तेव्हा तिनंच ते घड्याळ गुपचूप धाकट्या दिराच्या हाती सोपवलं... आणि दीर पडला घड्याळवेडा! लहानपणी पांघरुणात शिरून त्याचे चमकते काटे बघत झोपणारा. घड्याळ नाहीसं झालं तेव्हा चोर कोण, हे कुणाला विचारावंही लागलं नाही. "माझ्या घराची पायरी चढू नकोस!" थोरला गरजला, आणि भाऊजी मान खाली घालून निघून गेले... तिनं घातलेल्या शपथेखातर! ती मात्र दाराआड तोंड दाबून उभी राहिली.

आज तिनं दिराला फोन लावला. "भाऊजी, ते घेऊन या. आता खरं सांगितलंच पाहिजे."

दुपारी धाकटा आला. कपाटभर घड्याळांचा धनी, पण मनगट उघडं! तो दाराबाहेरच थांबला.

नवरा ताडकन उठला. "तुला कुणी बोलावलं?"

"मी!" ती मध्ये पडली. "चोर मी आहे हो... यांनी फक्त चोराचं नाव स्वतःवर घेतलं! तुमच्या जिवासाठी मी या देवमाणसाच्या तोंडाला काळं फासलं. मला हवी ती शिक्षा करा, पण उद्या उतरू नका!"

धाकट्यानं डबी उघडली. "एकदाही घातलं नाही, दादा. किल्ली मात्र रोज दिली. राहवायचंच नाही रे!"

नवरा परत खाली बसला.

"मला ठाऊक होतं," तो पुटपुटला. "सगळं घर शोधत होतं, तू तेवढी शोधत नव्हतीस... आणि मला सुटल्यासारखं वाटलं गं! खालच्या अंधारात माझा जीव घुसमटतो आता. पाणबुड्याचा पोरगा पाण्याला भितो, हे कोणत्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा भावाला चोर म्हणणं सोपं पडलं! आज ते नवं घड्याळ हातात आलं, तेव्हापासून उद्याचा दिवस उजाडूच नये असं वाटतंय..."

"एवढंच सांगायचं होतंस, दादा!" धाकट्याला हुंदका आवरेना.

नवरा उठला, दारापर्यंत गेला आणि बाबांचं घड्याळ त्यानं भावाच्या मनगटावर बांधलं. "माझं उतरणं संपलं. जा, बायकापोरांना घेऊन ये जेवायला. अगं, कडं फिरव याचं! उशीर करायचा नाही म्हणावं."

तिनं कडं फिरवलं. ठिपका काट्याशी आला.

"जातोय कसला," धाकटा रडता रडता हसला, "आधी मला आत तर येऊ दे!"