टपावरच्या पाहुणीमागं ओतलेलं पाणी

फुरात नदीच्या अंगाला रुमैथा म्हणून गाव. तिथं हातिम नावाचा गडी राहायचा, त्याची बायको वफीया, आणि दोघांच्या डोक्यावर हातिमची आई तिसवाहन. म्हातारी अंथरुणाला खिळून कैक वर्षं झाली होती. तिला कुशीवर वळवायची वफीया, भरवायची वफीया, अपरात्री हाक आली की उठायची तीही वफीयाच. उठून उठून बाई इतकी शिणली होती की तंदूरला भाकर लावता लावता तिचा डोळा लागायचा. तिकडं माहेरी, हिल्ल्यात, तिचा बाप थकला होता. त्याचे निरोपावर निरोप यायचे, "पोरी, डोळे मिटायच्या आत एकदा तोंड दाखव." पण म्हातारीला टाकून जाणार कशी?

शेवटी म्हातारी गेली. रिवाजाप्रमाणं शवपेटी घरच्याच मोठ्या गाडीच्या टपावर बांधली आणि हातिम भावांना घेऊन नजफच्या मोठ्या कबरस्तानात दफनासाठी निघाला. वफीया दारात उभी. रडून, जागून डोळ्यांपुढं नुसतं धुकं. घरातलं कुणी परगावी निघालं की गाडीमागं वाटीभर पाणी फेकायचं, म्हणजे गेलेलं माणूस सुखरूप परत येतं, ही तिच्या हाताची सवय. तिनं पाणी फेकलं.

शेजारची सत्तारची आई ओरडली, "अगं बये! टपावर कोण आहे ते बघितलंस का?"

"मी... मी तर ह्यांच्यासाठी..."

"पाण्याला काय कळतंय कुणासाठी ते!"

म्हातारीचा चाळिसावा दिवस झाला तसा हातिम म्हणाला, "चल, आता तुझ्या बापाकडं जाऊ." दफनाहून आल्यापासून गाडी दारातच उभी; गल्ली अरुंद, मागं घेतल्याशिवाय ती बाहेर निघायची नाही. त्यानं रिव्हर्स टाकला आणि तसाच ब्रेक दाबला.

समोरच्या स्क्रीनवर सगळं ओलसर, धूसर. त्यात गाडीच्या अगदी मागं कुणीतरी बसलेलं. हातिम उतरून बघून आला. गल्ली रिकामी. जरा धूळ, आणि मयताला लावतात त्या कापराचा वास.

"कॅमेरा बिघडलाय," तो म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता.

गाड्यांची वायरिंग करणारा उस्ता कामिल आला तो टोमणा घेऊनच. "गाड्यांना डोळे आले आणि तुमच्या मानांना गंज चढला! वळून बघायला काय होतं रे?" त्यानं मागचा कॅमेरा उघडला. आत पाणी. "कुणी पाणी मारलं ह्यावर?" वफीयानं मान खाली घातली. उस्तानं काच पुसली, तारा वाळवल्या, एक सडकी होती ती बदलली. "टाक आता रिव्हर्स."

चित्र लख्ख आलं. बुटक्या तिवईवर म्हातारी बसलेली, अंगभर काळा अबाया, गाडीकडं पाठ.

उस्ता हसायचं विसरला. त्यानं कॅमेऱ्याची पिन ओढली, कॅमेरा मुळासकट काढून हातात धरला आणि पुढं येऊन उभा राहिला. स्क्रीनवर म्हातारी तशीच. आणि ह्या तिघांच्या डोळ्यांदेखत तिनं सावकाश मान वळवायला घेतली...

हातिमनं गाडी बंद केली.

"दोष तारेत नाही, हातिम," उस्ता हत्यारं गोळा करत पुटपुटला.

"चहा तरी..."

"नको रे बाबा. चहा नको."

गाडी दारात उभी राहिली. "आईच्या अंगावरून गाडी घालू का मी?" हातिम म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. एका सकाळी हिल्ल्याहून फोन आला, बापानं अन्न सोडलंय.

वफीया रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. पायरीवर बसून राहिली बिचारी. मग उठली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि रिकाम्या गल्लीला म्हणाली, "आत्याबाई, चला. पाणी फेकून हाक मी मारली, चूक माझी. पोचवते पण मीच. ऊन चढायच्या आत बसा बघू." म्हातारीला न्हाऊ घालायला उठवताना वर्षानुवर्षं जो आवाज लावला, तोच आवाज.

कुठंच काही हललं नाही. मग गाडी एका अंगाला हळूच दबली. कापराचा वास आत आला.

हातिमनं रिव्हर्स टाकला. स्क्रीन काळी. वाटभर मागच्या सीटवरून चालल्यागत धाप लागल्याचा आवाज येत होता.

नजफला नजर पोचेल तिथवर कबरीच कबरी. गाडी थांबली. वफीयानं दार उघडलं. "उतरा, आत्याबाई. आलं तुमचं घर." दबलेली गाडी वर उचलली गेली. हातिम फातिहा म्हणायला कबरीकडं गेला. मागचं दार सताड उघडं ठेवून वफीया पुढं येऊन बसली आणि बसल्या जागी झोपली. कैक वर्षांची झोप ती.

हातिम परतला तेव्हा दार लावलेलं होतं. त्याला वाटलं, बायकोनं लावलं.

हिल्ल्यात बाप लेकीच्या हातून चार घास जेवला, आठवड्यात उठून अंगणात हिंडू लागला. पुढं त्या घराचं सोनंच झालं. हातिमला बारमाही काम लागलं, ओस घरात पाळणा हलला, वफीयाच्या गालावर मांस चढलं. नव्या कॅमेऱ्यात गल्ली स्वच्छ दिसते. एवढंच, की नजफहून आल्यापासून गाडी सुरू केली की मागच्या रिकाम्या सीटच्या पट्ट्याची घंटी, कुणी पट्टा न लावता बसल्यागत, वाजत राहते.

"उस्ताला दाखवू?" हातिमनं एकदा विचारलं.

तान्ह्याला हातिमकडं देऊन वफीया मागं गेली आणि रिकाम्या जागेवरून पट्टा ओढून तिनं खटकन लावला. घंटी थांबली.

"आत्याबाईंनी पट्टा लावू दिला नसता हो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "किती ओरडल्या असत्या. हे दुसरंच कुणीतरी आहे... असू दे. पायगुण चांगला आहे."