तीन उचलायचे, एक सोडायचा

दुपारची भांडी विसळून झाली की तो खिडकीपाशी खुर्ची ओढायचा आणि सुया हातात घ्यायचा. छत्तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. केसाएवढा फरक नजरेतून सुटत नसे, म्हणून कामावरचे त्याला मायक्रोमीटर म्हणत. लोकरीपुढे मात्र त्याने हात टेकले होते.

बायकोला जाऊन चार महिने झाले होते. तिने त्याच्यासाठी विणायला घेतलेला राखाडी स्वेटर तसाच राहिला होता. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, खांदे जोडलेले. बाह्या आणि गळा बाकी. तेवढं पुरं करायचं, हे एकच काम त्याने अंगावर घेतलं होतं. बाकी कशाचा उरक नव्हता.

शिकवायला मेहुणी यायची, दर मंगळवारी, दोन बस बदलून.

"भावोजी, बाही जोडायची त्या मुंढ्याच्या कडेत सुई घाला, लोकर ओढून घ्या. झाला एक टाका. असे तीन ओळींतून तीन उचलायचे, चौथी ओळ सोडायची."

"सोडायची कशाला? भोक पडेल."

"नाही पडत. सगळ्याच उचलल्यात तर बाही फुगेल. मग फिरा पडदा गुंडाळल्यासारखे."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

"ताईनंच शिकवलं मला," ती म्हणाली. "ती डावखुरी, मी उजवी. समोरासमोर बसायचो, आरशात बघितल्यासारखं. आणि तुमचं माप ती तुम्ही झोपल्यावर घ्यायची, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. तो माप द्यायला कधी नीट उभा राहत नसे. मग तो दुपारी झोपला की ती लोकरीचा तुकडा त्याच्या गळ्याभोवती फिरवायची, आत दोन बोटं घालायची आणि गाठ मारायची. दोन बोटं सैल म्हणजे बरोबर गळा. कितीदा तरी तो जागाच असायचा, पण डोळे उघडायचा नाही.

मेहुणी गेल्यावर तो टाके उचलायला बसला. ओळ सोडणं काही जमेना. डोळ्यांसमोर दिसतेय ती ओळ सोडायची कशी? त्याने सगळ्या उचलल्या. टाके मोजले तर शहाण्णव. पाहिजे होते बहात्तर. उसवायचंही त्राण नव्हतं. स्वेटर टेबलावर टाकून तो पलंगावर आडवा झाला.

उठला तेव्हा चार वाजले होते. सुईवर बहात्तर टाके होते.

पुन्हा मोजले. बहात्तरच. दाराला आतून कडी होती. झोपेच्या गुंगीत आपणच उसवून परत उचलले असतील, असं त्याने ठरवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

मंगळवारी मेहुणीने सुई उजेडात धरली.

"हे कोणी उचलले?"

"मीच की."

"टाके उलटे बसलेत. डाव्या हाताने उचलले की असे बसतात." मग हळूच म्हणाली, "माझ्यासमोर उचला बरं चार."

त्याने उचलले. चारही सरळ बसले. तिने चहा अर्धाच प्यायला.

त्यानंतर तो रोज चूक करू लागला. मुद्दाम. एखादा टाका गाळायचा, उलटाच्या जागी सुलट घालायचा, स्वेटर टेबलावर ठेवायचा आणि पडायचं. उठून बघावं तर चूक दुरुस्त. आवाज नाही, वास नाही, काही नाही. त्याने बायकोची खुर्ची आणून आपल्या खुर्चीसमोर ठेवली. दुपारी चारला त्या खुर्चीची गादी मधोमध दबलेली असायची. हात लावला तर कोमट.

दोन ओळी पुढे, एक चूक. अशा बाह्या विणायला त्याला दोन महिने लागले.

"एवढ्यात दोन स्वेटर झाले असते, भावोजी. पुरा का करत नाही?"

"पुरा झाला की मग काय?"

मेहुणीने खुर्चीकडे बघितलं, मग पिशवी उचलली. "तिला अर्धं काम कधी चाललंय का? दमली असेल ती. आता पुरे करा."

ती गेल्यावर त्याने बाह्या नीट पाहिल्या. वरच्या दुरुस्त्या मऊ होत्या. मनगटाकडे येता येता त्या आवळत गेल्या होत्या, कोणीतरी हिसके देऊन ओढल्यासारख्या. शेवटच्या टाक्यांत सुईचं टोकही शिरत नव्हतं.

आता फक्त गळा राहिला होता.

गळा करायचाच नाही, असं त्याने ठरवलं. मग बायको येत राहील. त्याने स्वेटर, सुया, उरलेल्या लोकरीचा गुंडा कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली आणि पलंगावर पडला. पडल्या पडल्या झोप लागली.

गळ्याशी काहीतरी खुपलं म्हणून जाग आली. त्याने लगेच डोळे उघडले नाहीत. जुनी सवय.

मग उघडले. कपाट बंद होतं. किल्ली खिशातच होती. तिची खुर्ची पलंगाला येऊन टेकली होती.

त्याने गळ्याला हात लावला. लोकर. एकच फेरा, आणि उजव्या कानाखाली गाठ.

माप घेतलंय, एवढंच. त्याने आत दोन बोटं घालून पाहिली.

एकही जात नव्हतं.