बॉनेटवरची थाप

खोटं रचून सांगायलाही अंगात त्राण लागतं. ते माझ्यात उरत नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींचे ढीग उपसून घरी आले की चपला काढायचाही कंटाळा येतो. म्हणून घडलं तेवढंच सांगते.

यंदाच्या वसंतातली गोष्ट. आमचंच घर, आमचंच गॅरेज.

बाबा ट्रक चालवायचे. वाळवंट ओलांडून डोंगरापलीकडे माल न्यायचे. दरवर्षी आईला म्हणायचे, "पुढच्या वसंतात तुला नेतो. वाळूत फुलं आणि डोंगरावर बर्फ, एकाच रस्त्यावर!"

बाबा गेले. नेणं राहूनच गेलं.

आता आईची नजर जात चालली होती. डॉक्टर म्हणाले, "काय दाखवायचं ते लवकर दाखवा."

मी आणि दादानं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. मुक्काम कुठे, पेट्रोल कुठे, घाट कधी चढायचा. माझे डोळे मिटत असायचे. आईची बॅग मात्र केव्हाच दाराशी येऊन बसली होती.

शेवटी ठरलं. शनिवारी निघायचं.

आणि गॅरेजमधून आवाज आला...

ठक.

ठक.

ठक.

ठक.

पुढे काहीच नाही.

ते ठोके आम्ही लगेच ओळखले. निघण्याआधी प्रत्येक टायरवर दांडका मारून हवा ऐकायची, ही बाबांची ट्रकवरची सवय, घरच्या गाडीलाही. चारही झाले की बॉनेटवर हाताची एक थाप. म्हणजे 'चला, निघू या.' बाबा असेपर्यंत त्या थापेशिवाय आमच्या घरातून गाडी कधी हललीच नाही.

दादा गॅरेजमध्ये गेला. कुणी नव्हतं. खिळ्याला टांगलेला दांडका तेवढा... हलत होता.

"बाबा थांबवतायत," दादा म्हणाला. "गाडीत काहीतरी बिघाड असणार."

मेकॅनिक हसला. "ताई, गाडी ठणठणीत आहे. तपासायचंच तर दादांचं डोकं तपासा."

तरी टायर बदलले, ब्रेक बदलले. पुन्हा वार ठरवला.

पुन्हा चार ठोके... आणि थाप नाही.

"अरे, निघा आता," आई कुरकुरायची. "फुलं काय कुणासाठी थांबतात?"

"थाप पडू दे गं," दादा म्हणायचा. मीही त्याचीच री ओढायचे. खरं सांगू? भीती होतीच, पण थकले होते. न निघायला कारण मिळालं की बरंच वाटायचं.

वसंत सरला.

एका दुपारी मी सकाळपाळी करून आले. खिडकीतून लख्ख ऊन आईच्या तोंडावर पडलं होतं.

"दिवे गेले का गं?" आईनं विचारलं.

मला रडू फुटलं.

तेवढ्यात गॅरेजमध्ये... थाप पडली.

आईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. हसली. "निघालो बघ एकदाचे!"

तेव्हापासून रोज दुपारी ती त्या खुर्चीत बसते. वळण आल्यासारखी एका अंगाला कलते. "केवढी फुलं आहेत गं," म्हणते. मी गॅरेजमध्ये जाऊन बघते. गाडी जागेवर असते. किल्ली माझ्या पर्समध्ये.

बॉनेट गरम असतं.

दादा म्हणतो, गाडी विकून टाकू. आई वाटेत असताना कशी विकायची?

काल भर उन्हाळ्यात तिनं शाल मागितली. हात धरला, तर बर्फासारखा गार.

"एवढा घाट चढला की पोचलोच," ती म्हणाली.

आज मी रजा टाकून तिच्याशेजारी बसले आहे. दुपार होत आली आहे. आई खुशीत आहे, केस विंचरून तयार आहे.

पोचल्यावर परत कधी येणार, हे मात्र तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.