डावी भुवई

कानांच्या तपासणीच्या खोलीबाहेर एक लांबलचक बाक होतं, आणि त्यावर बसलेल्यांना हाक मारून आत बोलवायची पद्धत होती. ही अक्कल कुणाची, देव जाणे.

"सतरा नंबर!" आतून हाक आली. मग पुन्हा. मग दार उघडून पांढऱ्या कोटातला एक उंच, नवखा तरुण बाहेर आला आणि बाकाच्या टोकाला भिंतीकडे बघत बसलेल्या मुलीसमोर उभा राहिला.

"अहो, तीनदा बोलावलं. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

ज्यांना ऐकू आलं ते हसले. ज्यांना नाही आलं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, आणि मग तेही हसले. तरुणाचे कान लाल झाले. मुलीनं मान वर केली.

"येतं की," ती म्हणाली. "ओ द्यावीशी वाटली नाही."

शेजारी बसलेल्या आत्यानं कपाळावर हात मारला. मुलगी दहा वर्षांची असताना ताप आला, तो कान घेऊन गेला. त्याला आता चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत तिनं एकदाही कुणाला "काय म्हणालात?" असं विचारलं नव्हतं. ओठ वाचायची, चेहरा वाचायची, आणि तेही जमलं नाही तर हसून "हो हो" म्हणायची. त्या "हो हो"पायी तिनं नको तेवढी कामं अंगावर घेतली होती. पण मोडेन पण वाकणार नाही, हे घराण्यातच होतं. आत्या काही वेगळी नव्हती.

एका शिंप्याच्या दुकानात मुलगी मापं घ्यायची. हात सफाईचा, नजर तयार. पण पाठीमागून कुणी बोललं की उत्तर नाही, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, पोरगी शिष्ट आहे. शेवटी मास्तरांनी सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत कानाचं काहीतरी कर. नाहीतर मागच्या खोलीत काज-बटणाला बस." मागच्या खोलीत खिडकी नव्हती. आणि कानातलं यंत्र बाजारात घ्यायचं म्हटलं तर तिची वर्षभराची कमाई त्यात गेली असती. सरकार ते जवळजवळ फुकट द्यायचं, पण एका अटीवर. ऐकू न येणं चाळीस टक्क्यांच्या वर हवं, आणि तसं तपासणीच्या कागदावर हवं. त्या महिन्याची यादी महिनाअखेरीला बंद व्हायची.

आत काचेची छोटी खोली होती. तरुणानं तिच्या कानांवर गोल डबे चढवले. हातात बटण दिलं. "शिट्टी वाजेल. अगदी बारीक आली तरी दाबायचं." तो काचेपलीकडे जाऊन बसला, तिच्या अगदी समोर.

मघाचं हसू तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आणि हा माणूस तर चेहऱ्यानं उघडं पुस्तक होता! शिट्टी सोडली की त्याची डावी भुवई हळूच वर उचलायची — वाजली का, असं विचारल्यासारखी. भुवई वर, बटण खाली. पुन्हा भुवई, पुन्हा बटण. तिची सवयच ती. बटण कधी दाबलं हे तिचं तिलाही कळलं नाही.

"अहो, तुमचे कान तर छान आहेत!" तो आनंदानं कागद घेऊन आला. "सव्वीस टक्के फक्त. यंत्राची गरजच नाही."

कागदावर शिक्का बसला — अपात्र. तेव्हा कुठे तिला कळलं, आपण काय करून बसलो. पण तोंड उघडलं असतं तर ती ती कसली?

बाहेर आत्यानं कागद बघितला. वाचता फारसं येत नव्हतं, पण शिक्का ओळखू आला. मुलीनं काय केलं ते ऐकल्यावर तिनं रस्ताभर एकच वाक्य म्हटलं. "नाक सांभाळायला गेलीस आणि कान घालवलेस."

चार दिवसांनी तो तरुण दुकानात आला. कोटाच्या बाह्या आखूड करायच्या होत्या. दुकान हेच कसं सापडलं, ते त्याला कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

ती त्याच्या पाठीमागे टेप घेऊन उभी राहिली. खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं, मापवहीत लिहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "कधी मिळेल?" ती लिहितच होती. "कोट कधी मिळेल?" ती टेप गुंडाळत होती. तिसऱ्यांदा तो वळला, आणि तोच प्रश्न विचारला.

"परवा," ती लगेच म्हणाली.

त्याची डावी भुवई वर गेली, आणि या वेळी खालीच येईना.

"तुम्ही त्या दिवशी... माझ्याकडे बघून बटण दाबत होतात?"

"भुवई आवरायला शिका जरा. दर शिट्टीला उडते."

"इतकं निरखून बघितलंत?"

"दुसरं काय होतं बघायला तिथं? एक खुर्ची, आणि एक तुम्ही. खुर्ची हलत नव्हती."

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "परत तपासता येईल. पण कागद वर गेलाय. आधीची तपासणी चुकली असं मी लिहून दिलं तरच."

"चूक माझी आहे. तुम्ही का लिहायचं? तुमची दया नकोय मला."

"दया कसली? तपासताना माणसाला पाठमोरं बसवायचं, हा नियम आहे. मी समोर बसवलं."

"का?"

त्यानं टेपेच्या गुंडाळीकडे बघितलं. "बाकापाशी तसं बोलून गेलो होतो... म्हटलं, निदान आता नीट तोंड दाखवावं."

ती वहीत डोकं घालून बसली. माप केव्हाच लिहून झालं होतं.

त्यानं लिहून दिलं. नोकरीला तीन महिने झालेले, साहेबानं चांगलंच फैलावर घेतलं. पण महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी ती पुन्हा काचेच्या खोलीत बसली, भिंतीकडे तोंड करून. समोर चेहरा नाही, ओठ नाहीत, भुवई नाही. नुसती पिवळट भिंत. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती ऐकू आलं तेवढंच ऐकू आलं असं सांगत होती. बटण बराच वेळ तसंच राहिलं.

बासष्ट टक्के. नापास होऊन पेढे वाटावेत अशी ही एकच परीक्षा.

यादीत नाव लागलं. तो कागद बघून मास्तर थांबायला तयार झाले. यंत्र यायला सात आठवडे लागले, कारण सरकारी कागदाला पाय असतात, पण तो चालतो बसून बसून. शेवटी आलं. तरुणानं ते तिच्या कानामागे बसवलं, बारीकसं चाक फिरवलं. पंख्याची घरघर आली, बाहेरच्या चपला आल्या.

"येतंय का गं काही?" आत्या दारातून म्हणाली.

मुलगी दचकली. "आत्या, तू एवढ्या मोठ्यानं बोलतेस?"

"चौदा वर्षं तुझ्यासाठीच ओरडतेय, मेले!"

त्यानं कागदावर सही केली, फाइल बंद केली. "आता शेवटचं. नियमात नाही, पण मी करून घेतो. पाठमोऱ्या बसा. मी म्हणेन ते जसंच्या तसं म्हणायचं."

ती भिंतीकडे वळली.

"पाणी."

"पाणी."

"दार उघडं आहे."

"दार उघडं आहे."

मग नुसता पंखा फिरत राहिला.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय."

ती हलली नाही. "ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं.

"नाही आलं."

तिसऱ्यांदा तो जवळजवळ ओरडलाच. बाहेरच्या बाकावर एकदम शांतता झाली, मग कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, काय झालं?

"अगं बाई, अख्ख्या रांगेला ऐकू आलं!" आत्या म्हणाली.

मुलगी वळली. भुवई जागच्या जागी होती. वर.

"पहिल्यांदाच आलं होतं," ती म्हणाली. "चौदा वर्षं न ऐकताच हो म्हणत आले. म्हटलं, एकदा ऐकून थांबून बघावं."

"मग... बघितलंत?"

ती पुन्हा भिंतीकडे वळली. पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले, तपासणीला ठेवतात तसे.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," ती म्हणाली. जसंच्या तसं.

आत्यानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं — कोट, बाह्या, भुवई.

"बरोबर म्हणाली," ती म्हणाली. "गुण द्या तिला."