उस्तादचा एक्झॉस्ट ब्रेक

परतवाडा सोडला की चिखलदऱ्याचा घाट सुरू होतो, तिथल्या चहाच्या टपरीवर अब्दुल सत्तारची खुर्ची ठरलेली होती. माणूस अकोल्याचा, पण घाटात जड गाड्या चालवणारे सगळे त्याला उस्ताद म्हणत. ट्रेलर उतारावर कसा सांभाळायचा हे त्यानं सांगावं आणि बाकीच्यांनी माना डोलवाव्यात, असा रिवाजच पडला होता.

"न्यूट्रल मारून डिझेल वाचवता अन् जीव घालवता, गधेहो! गाडी खालच्या गिअरमधी ठेवा, रेसवरून पाय काढा, एक्झॉस्ट दाबा. धुराचा रस्ता बंद झाला का इंजिनच गाडीले मागं ओढते. पायाचा ब्रेक उरवून ठेवा. तो तापला का मंग अल्लाच मालिक."

बोलणं सोळा आणे खरं. भानगड एवढीच, की त्याच्या स्वतःच्या ट्रेलरचा एक्झॉस्ट ब्रेक बंद होता. मागच्या पावसाळ्यात चढावर त्याची झडप मिटली ती उघडेचना. गाडी जागीच मेली, मागे रांग लागली, आणि ज्यांना त्यानं शिकवलं त्यांनीच दोर लावून, शिट्ट्या मारत त्याला वर ओढलं. त्याच आठवड्यात त्यानं झडपेचा हवेचा पाइप काढला आणि तोंडावर बोल्ट पिळून टाकला. नंतर पाहू म्हणाला. ते नंतर काही आलं नाही. बटण दाबलं की समोरचा दिवा लागायचा, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. तो आपला मुंगीच्या चालीनं उतरायचा आणि खाली येऊन सांगायचा, पाहा, एक्झॉस्टनं कसा लोण्यावानी आलो!

त्या दिवशी चिखलदऱ्याहून रस्त्याच्या कामाचं पोकलेन, खोदकामाचं अवजड मशीन, खाली आणायचं होतं. दोन होती, एक आज, एक उद्या. सत्तारचा गुडघा सुजलेला, म्हणून स्टिअरिंगवर नितेश. चांदूर रेल्वेचा, सत्तारच्याच हाताखाली तयार झालेला, लग्नाला वर्षही न झालेला ड्रायव्हर. सत्तार शेजारी बसून जाणार होता. टपरीवर चहा घेऊन दोघं गाडीत चढले, तेवढ्यात पंजाबराव आला. हा टिप्परवाला, आणि जीभ अशी की मिरची बरी.

"काय उस्ताद, पोराले एकट्याले सोडतच नाई का? शिकवण कच्ची राह्यली वाटते."

झालं. सत्तारचं डोकं फिरलं. "जाय बे नितेश, एकटाच जाय! माही गाडी हाय. तिचा एक्झॉस्ट म्हणजे वाघ हाय, वाघ!"

तो खाली उतरला आणि दारावर दोन थापा मारल्या. ही त्याची जुनी सवय, दोन थापा म्हणजे मी उतरलो, हाण गाडी. खरं तर तेव्हाच सांगायचं होतं. नितेश, दिव्यावर जाऊ नको, पाइप काढलेला आहे. शब्द ओठापर्यंत आले. पण पंजाबराव कप घेऊन शेजारीच उभा होता. सत्तारनं शब्द गिळले आणि गाडी सागाच्या झाडांत दिसेनाशी झाली.

रिकामा ट्रेलर वर जाईल, त्यात धोका नव्हता. उतरताना पाठीवर पोकलेन असणार होतं. सत्तारनं फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, नाही लागला. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली. चार लोकांत मान खाली जाईल म्हणून आपण एका पोराचा जीव टांगला, ह्या विचारानं त्याचे कान तापले. स्वतःचीच किळस आली त्याला.

दुपारी फोन वाजला. नितेशची बायको, आचल.

"चाचा, ह्यायनं निघतानी फोन केला होता, मशीन घेऊन उतरून राहिलो म्हणे. आता लागत नाई. तुमी संगच बसले ना गाडीत?"

"हो बेटी," सत्तार म्हणाला. "संगच हाय. फिकर नको करू."

"मंग बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात एक जीप वर निघाली. वाटेत नितेशला अडवता आलं असतं. सत्तार लंगडत तिच्यापर्यंत गेलाही.

"कुठं चालले उस्ताद?" पंजाबरावनं मागून हाक मारली.

"लघवीले," सत्तार म्हणाला.

जीप गेली. तो झाडामागे उगाचच उभा राहिला आणि डोळे पुसून परत आला.

मग घाटातून आवाज आला.

खोल, घशातून निघाल्यासारखी घरघर. वळण आलं की वाढायची, सरळ रस्त्यावर थांबायची. एक्झॉस्ट ब्रेकचा आवाज.

"तुमचीच गाडी," पंजाबराव म्हणाला. "वा! खरंच वाघ हाय बापा."

सत्तार खुर्चीवरून उठला. गाडी त्याचीच होती, तिचं इंजिन त्यानं झोपेतही ओळखलं असतं. पण ही घरघर त्या गाडीतून निघणं शक्य नव्हतं.

ट्रेलर आला, पोकलेन घेऊन, नव्या नवरीसारखा सावकाश. टपरीपुढे थांबला. सत्तारनं चाकाला हात लावला. जेमतेम कोमट होतं.

नितेश किल्ली काढून उतरला. सत्तारला समोर पाहून त्यानं एकदम मागे, केबिनकडे पाहिलं.

"उस्ताद, तुमी तं आत बसले हा ना?"

"मी इथंच हाय सकाळपासून."

नितेश केबिनपासून दोन पावलं मागे सरला. तो हळू आवाजात बोलू लागला.

"पहिल्या उतारानंतर तुमी रस्त्यावर उभे होते. मले वाटलं, कोण्या जीपनं वर आले. गाडीत बसले. पुढं ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. पेडल खाली जाऊन राहिलं होतं. दिवा लागे, पण गाडी काई धरे ना. मंग तुमी रडले."

"काय?"

"म्हणाले, पाइप मीच काढला. शरमेपायी सांगितलं नाई. तेवढं बोलले अन् एक्झॉस्टनं गाडी धरली."

सत्तार सुजलेल्या गुडघ्यावर बसला आणि गाडीखाली वाकला.

पाइप लोंबत होता. बोल्ट जागेवर होता, गंजलेला.

तो उठला. टपरीवरचे सगळे जवळ आले होते.

"काय झालं बे?" पंजाबरावनं विचारलं. "एक्झॉस्ट बंद होता का काय?"

सगळे सत्तारकडे पाहत होते. नितेशही.

आता तरी बोल, सत्तारनं स्वतःला सांगितलं.

"काहून बंद राहीन?" तो म्हणाला. "चालूच हाय."

नितेशनं डोळे मिटले.

"आणखी एक म्हणाले होते," तो पुटपुटला. "म्हणे, खाली तो उभा असंन. त्याले विचारतीन. तो खोटं बोलला तं मी उतरून जाईन. उद्या दुसरं मशीन आणतानी मी नसंन."

कोणी हललं नाही. गाडीची किल्ली नितेशच्या मुठीत होती.

पलीकडच्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला. मग लागल्याचा.

आणि दारावर दोन थापा पडल्या.