पाचव्या भागात गोदा वाचते

"बाजीबा गेला!"

मांजरसुंब्याला आप्पारावच्या धाब्यावर टीव्हीत ही बातमी आली, तेव्हा परमेश्वर मागच्या अंगणात घोटाभर चिखलात उभा होता. धाब्याच्या बोअरची मोटार जळाली होती आणि त्याने ती नुकतीच वर काढली होती. हातातला पाना तसाच घेऊन तो टीव्हीसमोर आला.

बाजीबा म्हणजे सिनेमातला फौजदार. 'फौजदार बाजीबा'चे सात भाग निघाले होते आणि आठवा येणार येणार म्हणून दोन वर्षं सगळे वाट बघत होते. नटाचं खरं नाव टीव्हीवाली बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, पण इकडे ते कधी कुणी घेतलं नव्हतं. बाजीबा म्हणजे बाजीबाच. आता आठवा भाग येणार नव्हता.

धाब्यावरचे सगळे टीव्हीकडे वळले. मग एक ट्रकवाला म्हणाला, "शेवभाजी आण रे," आणि पुन्हा गलका सुरू झाला. दोनच माणसं टीव्हीकडे बघत उभी राहिली. एक परमेश्वर. दुसरी एक मुलगी. तिच्या हातात ओली छत्री होती आणि समोरचा चहा निवून गेला होता.

"पाचवा भाग काय केलता त्यानं..." ती स्वतःशीच बोलली.

परमेश्वरला राहवलं नाही. "पाचवा? पाचवा तर सगळ्यात शेवटी. एक नंबर तिसरा."

तिने वळून पाहिलं. आधी त्याच्या तोंडाकडे, मग चिखलाने माखलेल्या पायांकडे.

"तुमी सिनेमे बोअरमध्ये बसून बघता का?"

आप्पाराव गल्ल्यावर खदखदून हसला. परमेश्वरचे कान तापले, पण तोही मागे हटला नाही.

"तिसऱ्यातली कारखान्याच्या चिमणीवरची मारामारी बघितली न्हाई वाटतं तुमी."

"चिमणी? तिसऱ्यात चिमणी कुठंय? तिसऱ्यात नुसती वरात हाय. एवढी मोठी वरात... संपतच न्हाई."

"वरात? तिसऱ्यात वरात कुठंय?"

आप्पाराव मध्ये पडला. "बे परम्या, एकच सिनेमा बघितला का तुमी दोघांनी? बाई, तुमचं गाव कोणतं?"

"तलवाडा."

"ह्याचं तेलगाव."

तिने थोडा विचार केला. मग हळू विचारलं, "लहानपणी रविवारी चारला टीव्हीवर लागायचा... तवाच बघितला का तुमी?"

"हो. पण आमची लाइट साडेपाचला यायची."

"आमची साडेपाचला जायची!"

भारनियमनाच्या त्या वर्षांत असंच होतं. एका बाजूची लाइट काढून दुसऱ्या बाजूला द्यायची. सिनेमाचं मध्यंतर झालं की तलवाड्यात अंधार आणि तेलगावात उजेड. सगळ्या तलवाड्याने बाजीबाचे अर्धे अर्धे भाग बघितले आणि उरलेले अर्धे तेलगावने. पुढे मोबाइल आले, पण मुद्दाम कुणी उरलेलं बघायला गेलं नाही. जो तो समजत होता, आपण बघितला तेवढा पुरे.

"म्हंजे..." ती डोळे बारीक करून म्हणाली, "इतकी वर्षं आमची लाइट तुमी नेत होते!"

"परत करतो की," परमेश्वर म्हणाला. "मी शेवट सांगतो. तुमी सुरुवात सांगा."

बाहेर बीडची एसटी लागली. ती छत्री उघडता उघडता थांबली. "मोबाइलवर बघायचं न्हाई मग. सांगून ऐकायचं. कबूल?"

"कबूल. नाव?"

"मंजुषा. फाट्यावरच्या मेडिकलमध्ये असते."

एसटी गेली. पानाच्या टपरीवर बाजीबाचं गाणं लागलं होतं. परमेश्वरने पाहिलं तर पाना अजून हातातच होता.

परमेश्वरचं तेलगावला जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचं दुकान होतं. हात चांगला होता. त्याने भरलेली मोटार सहसा परत येत नसे. पण आप्पारावची मोटार मात्र त्यानंतर सारखी बघावी लागायची. कधी तिचा आवाज बरोबर वाटायचा नाही, कधी पाणी कमी वाटायचं.

"बे, पाणी पार टाकीवरनं वाहायलंय," आप्पाराव म्हणायचा, "अन् तू म्हणतो मोटार दमली. मोटार दमली का तू?"

"बघून घेतलेलं बरं असतं, आप्पा."

"बघ, बघ. साडेसहाला येती ती. तवर बघ मोटार."

साडेसहाला मेडिकल दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मंजुषा धाब्यावर यायची. ती बीडला मावशीकडे राहायची. एसटी यायला जेवढा उशीर होई, तेवढा सिनेमा पुढे सरके. ती सुरुवात सांगायची. सांगताना बाजीबाची चाल करून दाखवायची, गाण्याचं संगीतसुद्धा तोंडाने वाजवायची. मध्यंतर आलं की ती गप्प बसून चहा ओढायची आणि परमेश्वर पुढे सांगायचा. त्याला नक्कल येत नव्हती. जसं घडलं तसं तो सांगायचा. पण ती हनुवटीखाली हात घेऊन अशी ऐकायची, की तिसऱ्यातल्या चिमणीची उंची त्याने नकळत दुप्पट केली.

"खरंच एवढी उंच?"

"ढग लागत होते वर."

"ढग?"

"...थोडे."

ती हसायची तेव्हा एका बाजूचा दात जरा पुढे दिसायचा. परमेश्वर घरी जाताना त्या दाताचा विचार करायचा आणि मग स्वतःवरच चिडायचा.

पाचव्या भागाची पाळी आली, त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता आणि एसटीचा पत्ता नव्हता. मंजुषाने सुरुवात सांगितली. बाजीबाची बायको गोदा. जत्रेत ती बाजीबाला बांगड्या भरायला लावते, तो फौजदार असून बांगड्यावालीसमोर लाजतो.

"अन् मग गोदाला गोळी लागती," ती म्हणाली. "बाजीबा तिला बैलगाडीत घालतो. मध्यंतर. लाइट गेली. सांगा आता, लवकर! पंधरा वर्षं ती गाडी तशीच उभी हाय माझ्या डोळ्यांपुढं."

परमेश्वरने कपातला चहा संपवला. कप खाली ठेवला.

सिनेमात गाडी पोचत नाही. ओढ्याच्या अलीकडेच गोदा बाजीबाच्या मांडीवर जीव सोडते. पोरगा असताना परमेश्वरला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी त्याची बायको बबिता तापाने फणफणली होती. रात्रीतून तिला जीपमध्ये घालून बीडला न्यायला निघाले, आणि वडवणीच्या पुढे तिने मान टाकली. तेव्हापासून त्याने पाचवा भाग शेवटच्या नंबरावर टाकला होता. बबिताबद्दल त्याने मंजुषाला काहीच सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू... एसटी यायची.

"पुढं..." तो म्हणाला, "गाडी पोचती."

"पोचती?"

"ओढ्याला पाणी असतंय. बैल थांबतात. पण गावातले लोक येतात अन् गाडी खांद्यावर घेतात. डॉक्टर दारातच उभा असतो. गोदा वाचती."

"खरंच?"

"वाचती. अन् शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारती, बांगड्या फुटल्या का माझ्या?"

मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसत होती. "बघा! मी म्हणत न्हवते? एक नंबर पाचवा!" मग ती एकदम थांबली. "पण सहाव्यात गोदा दिसतच न्हाई. कुठं गेली?"

"माहेरी गेली... बाळंतपणाला."

"पूर्ण सिनेमाभर?"

"पहिलं बाळंतपण हाय. राहती बाई माहेरी."

"अन् सातव्यात?" तिच्या कपाळावर आठी आली. सातव्या भागात बाजीबा शाळेतल्या एका बाईच्या प्रेमात पडतो. "म्हंजे घरी बायको, तान्हं लेकरू, अन् हा शहाणा मास्तरीणबाईला बघून गाणी म्हणतो? छी! सातवा शेवटी टाका. असल्या माणसाचं तोंड बघू नये."

गोदाला वाचवायला गेलो, तर बाजीबाच वाईट झाला, एवढंच परमेश्वरच्या लक्षात आलं.

त्यानंतरच्या आठवड्यात परमेश्वर मोटारीपाशी असताना आप्पारावची बायको चतुराबाई भाकरी थापत मंजुषाशी बोलत होती. बाईचा स्वभाव मोकळा. तोंड सुरू झालं की थांबायचं नाही.

"आमचा परमेश्वर लई गुणाचा. ह्याच्या लग्नात आमी तेलगावला जेवायला गेलतो की! बबिता नाव तिचं. अशी मेंदी रंगलती पोरीच्या हातावर..."

तेवढ्यात एसटीने हॉर्न दिला. मंजुषा उठली. परमेश्वर हात पुसत पुढे आला, तोवर ती एसटीच्या पायरीवर होती.

"मंजुषा, आज सहावा—"

"सातवाच कळला मला," ती म्हणाली. "तुमी बी त्यातलेच निघाले."

दार लागलं. एसटी गेली. परमेश्वर चतुराबाईकडे वळला.

"काकू, काय सांगितलं तिला?"

"तुझ्या लग्नाचं, बाबा."

"अन् पुढचं?"

चतुराबाईचा भाकरीवरचा हात थांबला. "पुढचं... पुढचं सांगायच्या आत गाडी आली रे."

तलवाड्याच्या पोरीच्या वाट्याला पुन्हा अर्धंच आलं होतं.

त्याने फोन केला, तिने उचलला नाही. मग तो दुकानात बसून मेसेज लिहू लागला. बबिताचं नाव लिहिलं आणि पुसलं. असलं बोटाने लिहून कळवायचं कसं? टीव्हीवर जाहिरात येत होती. बाजीबाची आठवण म्हणून येत्या रविवारी चार वाजता पाचवा भाग दाखवणार होते. चार दिवसांपूर्वी ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली, तेव्हा त्याला धसका बसला होता. बीडची लाइट जाऊ दे, असं तो मनात म्हणाला होता. खोटं उघडं पडेल, ती म्हणेल हा माणूस फसवा आहे.

आता त्याने एवढंच लिहिलं, 'रविवारी पाचवा भाग लागणार हाय. पूर्ण बघा.' आणि पाठवलं.

रविवारी पावणेचारला आभाळ भरून आलं. गार वारा सुटला. परमेश्वर दुकानाच्या दारात येऊन बीडच्या दिशेने बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्या गावच्या लाइटसाठी देवाला हात जोडत होता.

सोमवारी साडेपाचलाच मंजुषा धाब्यावर येऊन बसलेली होती. आप्पारावने परमेश्वरला डोळ्यांनीच तिचं बाकडं दाखवलं आणि चतुराबाईचा दंड धरून तिला आत नेलं.

परमेश्वर समोर बसला. मंजुषाने टेबलावरची मिठाची डबी बाजूला सरकवली.

"गाडी पोचत न्हाई," मंजुषा म्हणाली.

"न्हाई."

"कावून खोटं सांगितलं?"

"मला... तिला मारायला जमलं न्हाई." पुढचं तो टेबलाकडे बघत बोलला. "बबिताची बी पोचली न्हवती. वडवणीच्या पुढं गेली ती. मी मांडीवर डोकं घेऊन बसलोतो. तुमाला सांगताना एवढंच बदललं मी. गाडी पोचवली."

मंजुषाने तोंड फिरवलं. ओढणीने डोळे पुसले, मग नाकसुद्धा. परत वळली तेव्हा नाक लाल झालं होतं.

"पहिल्याच दिवशी सांगायचं न्हाई का?"

"पहिल्या दिवशी तुमी बोअरबद्दल बोलत होते."

ती रडता रडता हसली. तोच दात. परमेश्वरने बघितला आणि या वेळी स्वतःवर चिडला नाही.

"म्हंजे सातव्यात," ती सावकाश म्हणाली, "बाजीबा काय चूक करत न्हवता."

"न्हाई."

"अन् मास्तरीणबाई बी."

"ती तर मुळीच न्हाई."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने बोटाने टेबलावर उगाच रेघा ओढल्या. "मग नंबर परत लावावे लागतील. पाचवा एक नंबर. पण तुमी सांगितलेला, त्यांनी काढलेला न्हाई."

"तसा सिनेमा कुणी काढलाच न्हाई."

"मी ऐकलाय न्हव? झालं तर." मग तिने मान वर केली. "सातवा पुढच्या रविवारी लागणार हाय. मी न्हाई एकटी बघणार. मावशी म्हणती, ह्या टेक्निशियनला एकदा घरी चहाला बोलव."

"टेक्निशियन?"

"मोटारवाला म्हणलं असतं तर मावशी म्हणली असती, आपली मोटार कुठं जळालीय?"

आतून आप्पारावचा आवाज आला, "जळाली न्हाई तरी येतोय तो! अनुभव हाय आमाला!"

दोघंही हसली. एसटी येऊन उभी राहिली. मंजुषा उठली नाही.

"सहाव्या भागाचा मला काय राग येतो, सांगू?" ती म्हणाली. "एवढी गोदा होती घरात. अन् भिंतीवर तिचा एक फोटो बी न्हाई. कुणी तिचं नाव घेत न्हाई. असं असतंय का?" तिने आवाज खाली आणला. "तुमच्या घरी लावलाय का, बबिताताईंचा?"

परमेश्वरने मान हलवली. "कपाटात हाय. कपड्यात गुंडाळून. फ्रेम करून चार वर्षं झाली. हातात घेतो अन् ठेवून देतो."

"लावा," ती म्हणाली. "पण एकट्यानं लावू नका. वाकडा लागतो. एकानं धरायचा, एकानं खाली उभं राहून सांगायचं, डावीकडं घ्या, जरा वर घ्या."

"खाली उभं राहायला माणूस कुठनं आणू?"

"तलवाड्याचं चालंल का? अर्धंच दिसतं आमाला."

"अर्धं मी सांगतो की."

ड्रायव्हरने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. मंजुषाने छत्री उचलली, चार पावलं गेली, आणि परत येऊन त्याच्या पुढ्यातला अर्धा राहिलेला चहा एका घोटात पिऊन गेली. परमेश्वर त्या रिकाम्या कपाकडे बघत बसला, तो आप्पारावने येऊन कप उचलेपर्यंत.

सातवा भाग दोघांनी मावशीकडे पूर्ण बघितला. त्याचा नंबर कितवा, यावरून त्यांचं अजून भांडण चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत मंजुषा मावशीला घेऊन तेलगावला येणार आहे. परमेश्वरने बैठकीची भिंत पांढरी करून घेतली. खिळा आणि हातोडी खिडकीत काढून ठेवली आहे.

बबिताचा फोटो अजून लावायचा राहिला आहे.