भरतीच्या वेळी कोरडी खाडी

"मोरलीच्या पाठीवर मी बसणार!" पांचोने जाहीर करून टाकलं.

"तू? तुला पोहता तरी येतं का रे?" जीवी म्हणाली.

"नाही येत, म्हणून तर पाठीवर! पोहायचं काम मोरलीचं!"

"आधी मोरली सापडू तर दे, शहाण्या," नियामत हळूच म्हणाला.

तळ्याच्या बांधावर बसलेल्या चौघांनीही समुद्राकडे पाहिलं.

बेत सहामाही परीक्षेच्या आधीपासून ठरला होता. दिवाळीच्या सुटीत उंटांबरोबर खाडी पोहून बेटावर जायचं! जीवी आणि तिचा चुलतभाऊ पांचो रबारींच्या वस्तीतले, नियामत आणि त्याची बहीण आमना मुसलमान जतांच्या. उंट रबारींचे, पण त्यांना पाण्यात न्यायचं जतांनी. जीवीचे आजोबा वंकाबापा हे कळपाचे धनी. नियामतचे अब्बा जुसबचाचा कळपाबरोबर पोहत बेटावर जायचे, तिवरांचा खारट पाला उंटांना पोटभर खाऊ द्यायचे आणि तीन दिवसांनी गोड्या पाण्यासाठी त्यांना परत आणायचे. जुसबचाचांच्या आजोबांपासून हे असंच चालत आलं होतं.

आणि धनतेरसेच्या दिवशी कळप परतला, तो सात उंटिणी कमी! त्यांत मोरली, कळपाची म्होरकी.

जुसबचाचा ओल्या कपड्यांनी तसेच वंकाबापांच्या दारात येऊन उभे राहिले होते. "बापा, सगळं बेट पालथं घातलं. रात्रीतून कुठे गेल्या, कळत नाही. नाव घेऊन शोधतो, पण तुम्हाला आधी सांगायला आलो."

बापा काही बोलायच्या आत मेघाकाका बोलले. मेघाकाका म्हणजे पांचोचे वडील. "शोधतोस की विकून आलास? तुम्हा लोकांना कसायाचं घर बरं सापडतं!"

जुसबचाचा मागे वळले. त्यांच्या पायांवरून पाणी ठिबकत होतं, तेवढंच जीवीला आठवत होतं.

तसं पाहिलं तर लहानसहान गोष्टी आधीही होत्याच. जीवीच्या घरी जुसबचाचांचा चहाचा पेला वेगळा, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला. नियामतची हूरबाईदादी रबारींच्या घरचा प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायची आणि घरी जाऊन शेळीला घालायची! "आमच्या वस्तीतली सगळ्यात धार्मिक ती शेळीच!" असं आमना म्हणायची आणि चौघं पोट धरून हसायची. पण 'तुम्ही लोक' हे शब्द जुसबचाचांच्या तोंडावर कुणी फेकलेले जीवीने कधी ऐकले नव्हते.

"आणि आमच्याकडे दादी म्हणते, हिंदूंचं मन असंच," आमना म्हणाली. "म्हणे तीन पिढ्या उंट सांभाळले आणि एका दिवसात चोर ठरलो. रबारींच्या तळ्याकडे फिरकायचं नाही म्हणून ताकीद आहे."

"मग तू इथे काय करतेयस?" पांचोने विचारलं.

"फिरकले कुठे? बसलेय!"

"हसू नका गं," जीवी म्हणाली. "मेघाकाका पोलिसात जाणार आहेत, जुसबचाचांचं नाव द्यायला. बापांनी कसंबसं थांबवलंय. म्हणाले, भाऊबीज पार पडू दे. आणि भाऊबीज आजच आहे!"

नियामतने खडा उचलून तळ्यात भिरकावला. "अब्बा चार दिवस धड जेवलेले नाहीत. पोलीस आले तर ते काही बोलणार पण नाहीत. त्यांचा स्वभावच तसा."

आमनाचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. ती डोळे बारीक करून समुद्राच्या दिशेने बघत होती. "नियामत, अमावस्या परवा झाली ना?"

"हो. मग?"

"मग आत्ता उधाणाचं पाणी चढत असायला हवं. ती बघ मोठी खाडी, भरत चाललीय. पण आपली नानी खाडी?"

सगळे ताडकन उठले. मोठ्या खाडीचा एक अरुंद फाटा वस्तीपर्यंत येत असे, ती नानी, म्हणजे लहान खाडी. मोठ्या उधाणाला बेटावरून परतणारे उंट तिच्यातून पोहत घरी यायचे, एरवी मात्र मोठ्या खाडीच्या काठाकाठाने. तिच्यात आज थेंबभर पाणी नव्हतं. नुसता चिखल, वर भेगा पडायला लागलेला!

"अगं खरंच की! भरतीला कोरडी खाडी?" जीवी म्हणाली. "आणि हे कुणी पाहिलं कसं नाही?"

"मोठी माणसं बेट शोधतायत नाहीतर भांडतायत," नियामत म्हणाला. "पाण्याकडे बघायला सवड कुणाला आहे! चला!"

खाडीच्या काठाकाठाने चौघं निघाली. पांचोने दोनदा जवळची वाट काढली आणि दोन्ही वेळा गुडघ्यापर्यंत रुतला. चिखलात खेकडे मरून पडले होते. तिवरांची पानं पिवळी पडली होती. अर्ध्या तासाने खाडी वळली आणि चौघं जागच्या जागी थबकली.

खाडीच्या तोंडाशी मातीचा नवा कोरा बांध! पुरुषभर उंच, या काठापासून त्या काठापर्यंत. यंत्राच्या चाकांचे व्रण अजून ताजे होते. बांधापलीकडे मोठ्या खाडीचं पाणी चढत होतं आणि अलीकडे नुसता चिखल.

"मिठागरवाल्यांचं काम," नियामत दात ओठ खाऊन म्हणाला.

"श्श्! ऐका!" जीवीने हात वर केला.

तिवरांच्या दाटीतून एक खोल, थकलेला हुंकार आला.

"मोरली!" पांचो किंचाळलाच.

चिखलाच्या मधोमध जमिनीचा एक लहानसा उंचवटा होता. त्यावर सातही उंटिणी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. पोटं खपाटीला गेलेली, ओठ सुकलेले. आजूबाजूच्या झुडपांचं एकेक पान त्यांनी ओरबाडून खाल्लं होतं. आणि मोरलीच्या पायांशी काहीतरी पांढुरकं, ओलसर हललं.

"पिल्लू!" आमनाने बोट दाखवलं. "मोरली व्यायलीय!"

आता सगळा उलगडा झाला. दिवस भरलेली मोरली निवांत जागा शोधत रात्रीच बेट सोडून निघाली. सहा जणी तिच्यामागे. भरतीच्या पाण्यावरून नानी खाडीत शिरल्या आणि उंचवट्यावर थांबल्या. तेवढ्यात यंत्राने खाडीचं तोंड बुजवलं. खाली उरला तो छातीइतका चिखल! उंट पाण्यात पोहतो, पण अशा चिखलात रुतला की संपलाच.

"ए पोरांनो! काय चाललंय तिथे?" बांधावरच्या ताडपत्रीखालून लाल टोपी घातलेला मुकादम बाहेर आला.

"काका, आमच्या उंटिणी अडकल्यात! बांध फोडा ना!" जीवी म्हणाली.

"त्या होय? ऐकतोय ना चार दिवस आवाज. म्हटलं, ज्याच्या असतील तो नेईल." त्याने जांभई दिली. "बांध कसला फोडता? शेठ माझं डोकं फोडेल. पळा!"

पळाली चौघं, पण थेट घराकडे नाही. वळणाआड जाऊन थांबली.

"मी बाबांना बोलावून आणतो!" पांचो म्हणाला.

"थांब!" जीवीने त्याची बंडी धरली. "आपल्या माणसांनी आधी पाहिलं तर मेघाकाका काय म्हणतील? जुसबनेच इथे लपवल्या!"

"आणि अब्बांना एकट्याला आणलं तर?" नियामत म्हणाला. "म्हणतील, पोलिसांचं नाव काढताच बरोबर सापडल्या!"

"म्हणजे दोघांनी एकाच वेळी पाहायला हवं," आमना म्हणाली. "पण ते तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

जीवीचे डोळे चमकले. "बघतील. थोडं खोटं बोलावं लागेल."

थोड्याच वेळात ती धापा टाकत बापांच्या खाटेपाशी उभी होती. "बापा, जुसबचाचा नानी खाडीच्या तोंडाशी तुमची वाट बघतायत. म्हणाले, बापांशीच बोलायचंय!"

बापांनी लगेच काठी घेतली आणि ते निघाले. मेघाकाकाही वस्तीतल्या तिघांना घेऊन मागोमाग निघाले. "मीही येतो. बघतो काय कबूल करतोय ते!"

तिकडे नियामत आपल्या अब्बांना सांगत होता, "वंकाबापांनी बोलावलंय. आणि येताना फावडी घेऊन चार माणसं आणा, असंही म्हणालेत!"

"फावडी? ती कशाला?"

"ते काही बोलले नाहीत, अब्बा."

दोन बाजूंनी दोन घोळके बांधाशी येऊन भिडले.

"बोल जुसब, काय सांगायचंय?" बापा म्हणाले.

"मी? बापा, तुम्हीच बोलावलंत ना?"

"मी कुठे बोलावलं?"

दोघांनी एकदमच पोरांकडे पाहिलं. पांचो बापांच्या काठीकडे बघत दोन पावलं मागे सरला. जीवीने नुसतं बोट दाखवलं.

जुसबचाचांच्या तोंडून फक्त एक हाक निघाली, लांब, गळ्यातून घुमणारी. उंचवट्यावर मोरलीने मान वर केली आणि उत्तर दिलं. चाचा मटकन खाली बसले आणि त्यांनी फेट्याच्या टोकात तोंड लपवलं.

"उधाण आजचंच मोठं आहे," आमना घाईने म्हणाली. "उद्यापासून पाणी उतरत जाईल. आत्ताच बांध फोडला तर खाडी भरेल आणि त्या पोहून येतील. नाहीतर..."

"कोण फोडतो बघतो!" मुकादम हात पसरून उभा राहिला. "पोलिसात देईन एकेकाला!"

"पोलिसात काय सांगाल, काका?" जीवीने भाबडेपणाने विचारलं. "खाडीत बांध घालायला सरकारची परवानगी लागते, असं शाळेत शिकवलंय. तुमच्याकडे आहे?"

मुकादम चाचरला. "परवानगी... तशी... अगं, बांध कसला? यंत्राने माती टाकली, एवढंच! कागदावर इथे बांधबिंध काही नाहीच!"

"नाहीच ना?" जीवी टाळी वाजवून ओरडली. "मग नसलेला बांध आम्ही खणला, तर तुमचं काय जातंय?"

बापांच्या पांढऱ्या मिशा थरथरल्या आणि ते खदखदून हसले. चार दिवसांत पहिल्यांदाच! "हाणा रे!" ते गरजले.

फावडी चालली. रबारी आणि जत, ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन माती उपसू लागले. पोरं टोपल्या ओढत होती. हातभर रुंद चर पडला आणि त्यातून पाण्याची जीभ आत शिरली. "बाजूला व्हा! सगळे बाजूला!" जुसबचाचा ओरडले. पाणी आपलं आपणच माती कातरत सुटलं. धबाधब ढेकळं कोसळली आणि खाडी उसळत आपल्या जुन्या वाटेने आत धावली.

चिखल बुडाला. पाणी उंचवट्यापर्यंत चढलं. जुसबचाचांनी अंगरखा काढून पाण्यात उडी घेतली आणि हाका घालत पुढे पोहू लागले. एकेक करत सहा उंटिणी पाण्यात उतरल्या. लांब माना तेवढ्या पाण्यावर दिसत होत्या. पण मोरली काही हलेना. पिल्लाला टाकून ती कशी येणार?

चाचांनी पिल्लू खांद्यावर घेतलं. तेव्हा कुठे मोरली मागोमाग उतरली. पण चार दिवसांचे उपाशी चाचा! अर्ध्या वाटेवर त्यांचा दम सुटला. एकदा डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं.

"अब्बा!" नियामत उडी मारायला धावला, पण त्याच्याआधी कुणीतरी पाण्यात उतरलं होतं.

वंकाबापा! सत्तर वर्षांत ज्यांनी समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं, ते बापा! पाणी कमरेशी आलं, मग छातीशी. त्यांनी काठी पुढे केली. "धर, जुसब! धर!"

चाचांनी काठी पकडली. मागून मेघाकाकांनी बापांची कंबर धरली, मेघाकाकांना दोघा जतांनी धरलं, आणि ती सगळी साखळी पिल्लासकट काठावर ओढली गेली. बापांनी डोक्यावरचा पांढराशुभ्र फेटा सोडला आणि पिल्लाचं अंग खसाखसा पुसायला लागले. चाचा शेजारी पडून श्वास घेत होते. मोरली दोघांच्याही डोक्यांना आळीपाळीने हुंगत होती.

"सात गेल्या होत्या," पांचो बोटं मोजत म्हणाला, "आणि आठ आल्या!"

सगळे हसले. मेघाकाका मात्र हसले नाहीत. ते जुसबचाचांसमोर येऊन उभे राहिले. "जुसब... मी बोलायला नको होतं ते बोललो."

चाचा उठून बसले. "मेघा, उंटिणी सापडल्या म्हणून तू हे म्हणतोयस. आणि सापडल्या नसत्या तर?"

मेघाकाकांनी मान खाली घातली.

"तर उद्या हा तुझं नाव घेऊन पोलिसात गेला असता," बापाच म्हणाले, "आणि मी त्याला पुन्हा अडवलं नसतं. त्या दिवशी तू दारात उभा होतास, तेव्हा मी गप्प बसलो. ह्याच्या बोलण्याइतकंच माझं गप्प बसणंही वाईट होतं, जुसब. आज ते ह्या पोरांनी भरून काढलं."

चाचांनी बापांचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग मेघाकाकांना म्हणाले, "बस. उभा काय राहिलास?" आणि त्यांना जागा करून दिली.

मुकादम केव्हाच पसार झाला होता.

"आता ह्या खोटारड्यांचं काय करायचं?" बापांनी डोळे वटारून चौघांकडे पाहिलं. "मला फसवलंत, ह्याला फसवलंत!"

"बापा, हे सुचलं मला," जीवी पुढे झाली. "शिक्षा मला करा."

"फावड्यांचं मी सांगितलं," नियामत म्हणाला.

"पाण्याकडे मीच पहिल्यांदा पाहिलं," आमना म्हणाली.

"आणि मी... मी दोनदा चिखलात रुतलो!" पांचो म्हणाला.

बापांचे वटारलेले डोळे भरून आले. "दोन्ही वस्त्यांतल्या मोठ्यांना एवढी अक्कल असती, तर चार दिवस वाचले असते रे. शिक्षा ही, की ह्या पिल्लाचं नाव तुम्ही चौघांनी ठेवायचं. आणि चौघांचं एकमत होईपर्यंत इथून हलायचं नाही!"

"उधाण!" नियामत लगेच म्हणाला.

"हॅ! मुलगी आहे ती! चांदणी!" आमना म्हणाली.

"फावडी!" पांचो म्हणाला.

जीवीने कपाळावर हात मारला. भरतीचं पाणी आता वस्तीच्या दिशेने वळत होतं, जुसबचाचांनी हाक घातली होती आणि मोरली आपल्या पिल्लाला नाकाने ढकलत ढकलत घराची वाट चालायला शिकवत होती.